“मला झाड नको” : शहराचा हवामान आराखडा आणि वंशाचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात सिव्हिल, मग अमेरिकेत नगररचनेत मास्टर्स, आणि आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मध्यम शहराच्या सस्टेनेबिलिटी ऑफिसात तुमची पहिली नोकरी. ऑफिसने सांगितलंय की नवा क्लायमेट ॲक्शन प्लॅन ‘रेशियल इक्विटी’, म्हणजे वांशिक समन्याय (वंशामुळे जे मागे ठेवले गेले त्यांना त्यांच्या गरजेप्रमाणे देणं), मध्यभागी ठेवून करायचा. तुम्ही विचारता: गरिबी हा निकष पुरेसा असताना वंश कशाला? कार्बन कोणाच्याही गाडीतून आला तरी वातावरणाला काय फरक पडतो? आणि एवढं सगळं मान्य केलं तरी रोजच्या कामात नेमकं बदलायचं काय?

मी बावीस वर्षं शहरांच्या हवामान आराखड्यांवर काम करते आहे. उत्तर लांबेल, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांच्या पोटात आहे. सुरुवात एका दारापासून करते.

कामाला लागून मला दोनेक वर्षं झाली होती. ज्या भागात सावली सर्वांत कमी तिथे फुकट झाडं लावायची, असं आमच्या शहराने ठरवलं होतं. उपग्रहाची चित्रं बघून घरांची यादी काढली, दाराच्या मुठीला अडकवायची पत्रकं छापली आणि एका शनिवारी आम्ही घरोघर निघालो. एका लहानशा लाकडी घराच्या पायरीवर सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय बाई मांडीवर भांडं घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं, तुमच्या दारापुढे शहरातर्फे मेपलचं झाड लावतोय, तुम्हाला एक पैसा पडणार नाही. त्या म्हणाल्या, “मला झाड नको.”

मला वाटलं, फायदे माहीत नसतील. मी सावली, हवा, विजेचं बिल असं सांगायला लागले. त्यांनी भांडं बाजूला ठेवलं आणि मला फुटपाथपर्यंत घेऊन गेल्या. तिथे काँक्रीटची एक लादी चांगली चार बोटं वर उचललेली होती, शेजारी बुंध्याचा कापलेला ठोकळा. “इथे होतं तुमचं झाड. मुळांनी फुटपाथ उचलला, तर दुरुस्तीची नोटीस मला. मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली, तर प्लंबर माझ्या खर्चाने. फांदी पडली, तर ती उचलायचे पैसे माझे. शेवटी तोडायची परवानगी मागितली, तर तिची फीसुद्धा माझ्याकडूनच. झाड तुमचं, बिल माझं.”

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत घरापुढच्या फुटपाथची दुरुस्ती घरमालकाच्या गळ्यात असते. मला हे नियम म्हणून ठाऊक होतं, कोणाच्या तरी हातातलं बिल म्हणून ठाऊक नव्हतं. माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, ‘होय’ आणि ‘नाही’. मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. सोमवारी ऑफिसात त्या भागापुढे शेरा पडला: ‘जनजागृती आवश्यक’.

ते वाक्य माझ्या मनात अजून सलतं. पुढे काही वर्षांनी डेट्रॉइटमधला एक अभ्यास वाचनात आला. तिथे २०११ ते २०१४ या काळात एक संस्था रस्त्याकडेला फुकट झाडं लावत होती. ज्यांना विचारलं त्या सुमारे ७,४०० रहिवाशांपैकी साधारण १,८०० जणांनी, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्शाने, झाड नको म्हणून कळवलं. संशोधकांनी मुलाखती घेतल्या तेव्हा दिसलं की या लोकांना झाडं आवडत होती, झाडांचे फायदेही माहीत होते. कुठलं झाड हवं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पुढे ते कोण सांभाळणार हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि शहराने पूर्वी आपल्या वस्तीत काय केलं होतं हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. जागृतीची गरज होतीच, पण ती यादी करणाऱ्यांना.

आता वंश कशाला, याकडे वळते.

तुमच्या शहराचा कमी सावलीचा नकाशा आणि १९३०च्या दशकातला कर्जाचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने त्या दशकात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले होते. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. प्रत्येक भागाच्या माहितीच्या फॉर्मवर तिथे कृष्णवर्णीय राहतात का, किती टक्के, आणि कोणाची ‘घुसखोरी’ होते आहे, यासाठी छापील रकाने होते. यालाच पुढे रेडलायनिंग म्हणू लागले. सगळं या नकाशांमुळेच झालं असं मात्र म्हणू नका. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना हमी देताना तोच हिशोब लावला आणि त्याचा फटका जास्त खोल होता. १९६८च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला हा भेदभाव बेकायदा ठरवला. तोवर तीस-पस्तीस वर्षं गेली होती. जिथे कर्ज नाही तिथे दुरुस्ती नाही, जमिनीला भाव नाही. आणि जिथे जमीन स्वस्त, तिथेच महामार्ग, गोदामं, कारखाने आणि डांबरी पार्किंगची मैदानं आली.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ शहरी भागांमधलं जमिनीचं तापमान उपग्रहावरून मोजलं गेलं. ९४ टक्के ठिकाणी पूर्वीचे लाल भाग बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले निघाले. देशभराची सरासरी तफावत सुमारे २.६ अंश सेल्सियस, काही शहरांत ७ अंशांपर्यंत. नकाशे रंगवून ऐंशी वर्षं होऊन गेल्यावरची ही गोष्ट आहे.

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचं उदाहरण मी नेहमी देते, कारण ते शहर हवामानाच्या बाबतीत सर्वांच्या आधी जागं झालं होतं. कार्बन कमी करण्याचा स्थानिक आराखडा करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ते, १९९३ साली. सायकलींचं, ट्रामचं, हिरवाईचं शहर. २८ जून २०२१ला तिथे विमानतळावर ४६.७ अंशांची नोंद झाली. त्याच दुपारी पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक विवेक शांडस हवेचं तापमान मोजायचं यंत्र घेऊन शहरभर फिरले. पूर्वेकडच्या लेंट्स भागात त्यांना सुमारे ५१ अंश मिळाले. झाडीने भरलेल्या, सधन विलॅमेट हाइट्समध्ये सुमारे ३७. एक शहर, एक दुपार, आणि चौदा अंशांचा फरक. उष्णतेच्या त्या लाटेत पोर्टलंड ज्या जिल्ह्यात येतं त्या मल्टनोमा काउंटीत सत्तरच्या आसपास माणसं दगावली. त्यातले बहुतेक वयस्क होते, एकटे राहत होते आणि घरात एसी नव्हता.

लेंट्सच्या मधोमध आय-२०५ हा महामार्ग गेलेला आहे. तिथे राहायला येणाऱ्यांत नव्याने आलेले स्थलांतरित आहेत आणि शहराच्या आतल्या भागांतून भाड्यामुळे बाहेर फेकलेली कृष्णवर्णीय कुटुंबंही आहेत. ती आतल्या भागात कशी आली होती हेही बघा. ऑरेगनच्या १८५७च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांनी राज्यात राहायला यायचंच नाही, असं कलम होतं. ते १९२६ साली काढलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधायला मजूर हवे झाले, तेव्हा नदीकाठच्या सखल जमिनीवर व्हॅनपोर्ट नावाची आख्खी वस्ती उभी केली. ३० मे १९४८च्या सकाळी पूर चढत असताना गृहनिर्माण खात्याने दारोदार पत्रकं टाकली: बांध सुरक्षित आहेत, गरज पडली तर सांगू, निघायला वेळ मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमारास बांध फुटला. साडेअठरा हजार माणसं बेघर झाली, त्यात सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांना शहरात राहायला जागा मिळाली ती प्रामुख्याने अल्बायना भागात. मग तिथेच क्रीडागार आलं, आय-५ महामार्ग आला, आणि १९७०च्या सुमारास एका रुग्णालयाच्या विस्तारासाठी सुमारे तीनशे घरं-दुकानं पाडली. पाडून झाल्यावर केंद्राचे पैसे आटले आणि ती जागा कित्येक दशकं नुसती रिकामी पडून राहिली.

हे सगळं उत्पन्नाच्या कोष्टकात कुठे दिसतं? दिसत नाही. कोष्टक फक्त आज खिशात काय आहे ते सांगतं.

आकडेही हेच सांगतात. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वांशिक न्याय आयोगाने घातक कचऱ्याच्या जागांचा देशव्यापी अहवाल काढला. अशी जागा कुठे असेल याचा अंदाज द्यायला उत्पन्नापेक्षा वंश हा घटक जास्त भक्कम निघाला. २०१९मध्ये छतावरच्या सोलरचा अभ्यास झाला. उत्पन्न सारखं धरूनही कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या भागांत छतावरचं सोलर ६९ टक्के कमी होतं. घरमालकीचा फरक हिशोबात घेतल्यावरसुद्धा ६१ टक्के कमी. म्हणजे पगार तोच, घर स्वतःचं, तरी सोलर नाही. शेजारच्या कोणाकडेच पॅनेल नाही, विक्रेता त्या रस्त्यावर फिरकत नाही, छपराची आधी दुरुस्ती हवी, कर्जाचा व्याजदर वेगळा. गरिबी हा एकच निकष लावला तर हे सगळं चाळणीतून निसटतं.

आपल्या माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. गावात कोणाची वस्ती कुठल्या अंगाला, ओढ्याच्या वरच्या बाजूला कोण आणि खालच्या बाजूला कोण, हे कोणाच्या मिळकतीवर ठरलं नव्हतं. आज त्या वस्तीतला मुलगा तहसीलदार झाला तरी वस्ती गावकुसाबाहेरच राहते, आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं. जात आणि अमेरिकेतला वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा इतिहास वेगळा आहे, त्यांची गल्लत मी करत नाही. पण माणसाची जागा आधी ठरते आणि संकट त्या जागेच्या पत्त्यावर येतं, एवढं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आणखी एक. इथे आलेल्या आपल्या लोकांना वाटतं, हा काळ्या-गोऱ्यांचा जुना वाद, आपण त्यात नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही आणि म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही. अनेक जुन्या खरेदीखतांमध्ये ‘एशियाटिक’ माणसाला हे घर विकायचं नाही, अशीही अट असे. तुमच्या शहराच्या रेकॉर्ड ऑफिसात एक दुपार काढा. आपण या नकाशाच्या बाहेर नव्हतो; फक्त आपल्यापैकी बहुतेक जण १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आले, म्हणून आपल्याला तो रंगताना दिसला नाही.

कार्बनचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे, त्याला तसंच उत्तर देते. वातावरणाला फरक पडत नाही हे खरं. पण आपण वातावरणाला सबसिडी देत नाही, माणसांना देतो. २००६ ते २०१२ या काळातल्या केंद्रीय करसवलतींचा हिशोब दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला होता. खिडक्या, सोलर, हायब्रीड गाड्या अशा हरित खरेदीवरच्या सवलतींपैकी सुमारे ६० टक्के रक्कम सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शाकडे गेली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सवलतीत तर जवळपास ९० टक्के. सवलत सर्वांना खुली होती. पण कर भरावा लागेल इतकं उत्पन्न हवं, आधी खिशातून पैसे घालायची ऐपत हवी, गाडी चार्ज करायला स्वतःचं गॅरेज हवं. ज्या शहरात निम्मे लोक भाड्याने राहतात तिथे असे कार्यक्रम निम्म्या घरांपर्यंत पोचतच नाहीत. भाडेकरू बॉयलर बदलू शकत नाही. मालक बदलत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. म्हणजे समन्याय बाजूला ठेवून नुसता कार्बन मोजला तरी आराखडा तुटपुंजाच ठरतो.

आता काम.

पहिली गोष्ट अशी की आराखड्यात ‘इक्विटी’ नावाचं वेगळं प्रकरण करू नका. मी अशी प्रकरणं लिहिली आहेत. सुंदर छायाचित्रं असतात, वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असतात, आणि पुढच्या प्रकरणातल्या एकाही बजेट हेडला त्यांचा धक्का लागत नाही. दुसरी वाईट सवय म्हणजे मसुदा तयार झाल्यावर शेवटच्या दोन महिन्यांत एखादा कन्सल्टंट आणून ‘इक्विटी रिव्ह्यू’ करून घेणं. तोवर प्रश्न ठरलेले असतात. वस्तीतल्या माणसाच्या हातात फक्त स्वल्पविराम हलवणं उरतं.

वस्तीने प्रश्नच वेगळा विचारला की काय होतं ते ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्समध्ये दिसतं. २०१९चा तिथला आराखडा शहराच्या सस्टेनेबिलिटी ऑफिसने वांशिक आणि पर्यावरणीय न्याय समितीच्या बरोबरीने केला, आणि त्याचं नावच ‘क्लायमेट जस्टिस प्लॅन’ ठेवलं. बंदर, तेलाच्या टाक्या आणि त्यांच्या शेजारची वस्ती हे विषय तिथे परिशिष्टात गेले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने २०२० साली ४० कृतींचा आराखडा मंजूर केला आणि त्याच्या जोडीला वांशिक परिणामांचं स्वतंत्र मूल्यमापन केलं: प्रत्येक कृतीचा लाभ कोणाला, भार कोणावर, आणि अंमलबजावणीत काय बघायचं. हे तिथेच का सुचलं, हे कळायला शहरातले दोन महामार्ग बघा. डोंगराच्या बाजूने जाणाऱ्या आय-५८०वर अवजड ट्रकना मनाई आहे. सगळे ट्रक खालच्या सपाटीवरच्या आय-८८०ने जातात, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांना खेटून. ट्रकच्या धुराला रंग नसतो, पण त्याचा रस्ता माणसांनी ठरवलेला असतो.

बैठकांविषयी. कन्सल्टंटला तासाचे पैसे देता, अभियंत्याला पगार देता, मग वस्तीतल्या ज्या बाईने तीन संध्याकाळी येऊन तुम्हाला पूर कुठून शिरतो ते दाखवलं, तिलाही मानधन द्या. ते बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा. जेवण ठेवा, मुलं सांभाळायला कोणीतरी ठेवा, दुभाषी ठेवा, आणि दुभाष्याला कागद आठवडाभर आधी द्या. हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. मी जे शिकले ते वेगळं आहे. पहिल्या दोन बैठकांत लोक हवामानाबद्दल बोलणार नाहीत. ते बंद पडलेल्या बसबद्दल बोलतील, घराच्या बुरशीबद्दल, भाडेवाढीबद्दल, पोलिसांबद्दल. नवीन माणूस घाबरतो आणि चर्चा ‘विषयावर’ आणतो. आणू नका. बस बंद पडली म्हणजे गाडी घ्यावी लागली, तो उत्सर्जनाचा विषय आहे. बुरशी म्हणजे ओल, ओल म्हणजे गळकं छप्पर, आणि छप्पर हे तर माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्मच आहे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

घरं वेदराइझ करायची योजना जवळजवळ प्रत्येक आराखड्यात असते: फटी बुजवा, भिंतींत आणि माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरा, हीट पंप (विजेवर घर गरम आणि गार करणारं यंत्र) बसवा. कमी उत्पन्नाच्या घरांना हे मोफत मिळतं. मी एकदा अशा पथकाबरोबर दिवसभर फिरले. मुकादम टॉर्च घेऊन माळ्यावर चढला, पाच मिनिटांनी खाली आला आणि फॉर्मवर ‘डिफरल’ लिहून निघाला. म्हणजे काम स्थगित. छप्पर गळतं, लाकूड ओलं आहे, ओल्यावर इन्सुलेशन घातलं तर बुरशी आणखी वाढेल. तांत्रिकदृष्ट्या त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. दुसऱ्या घरात जुनं, उघड्या तारांचं वायरिंग. त्यावर इन्सुलेशन घातलं तर आगीचा धोका. डिफरल. तिसऱ्या घरात ॲस्बेस्टॉसचा संशय. डिफरल. संध्याकाळी मी ऑफिसात परतून मागच्या वर्षीचे डिफरल नकाशावर टाकायला लागले. ठिपके कुठे दाटले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्या भागात पन्नास वर्षं दुरुस्तीला कर्ज मिळालं नव्हतं, तिथलीच घरं आमच्या मोफत योजनेला ‘अपात्र’ ठरत होती. कोणीही भेदभाव केला नव्हता. फॉर्म भरणारा माणूस प्रामाणिक होता. नियमाने जुन्या निर्णयाचं काम पुढे चालवलं होतं, इतकंच.

त्यावर उपाय साधा आणि खर्चिक आहे. इन्सुलेशनच्या आधी छप्पर, वायरिंग, ओल यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. या निधीतून एक किलोही कार्बन वाचत नाही, म्हणून हवामानाच्या बजेटमध्ये तो मागताना अर्थखातं हमखास विचारतं, याचा प्रति टन खर्च किती? त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: याच्याशिवाय पुढचा टन या घरातून कधीच येणार नाही. मला हा निधी मिळवायला चार बजेटं लागली. तुम्हाला कमी लागोत.

पैसा कुठून येतो हे म्हणूनच फार महत्त्वाचं. पोर्टलंडच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८मध्ये सुमारे ६५ टक्के मतांनी क्लीन एनर्जी फंड मंजूर केला. देशभरात एक अब्ज डॉलरवर उलाढाल असलेल्या बड्या रिटेल कंपन्यांच्या शहरातल्या विक्रीवर १ टक्का अधिभार; किराणा आणि औषधं वगळून. हा प्रस्ताव शहराच्या ऑफिसातून आला नव्हता. वंचित समाजगटांच्या संस्थांनी तो रचला, सह्या गोळा केल्या, प्रचार केला. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पैसा जमला. २०२२ साली शहराच्याच लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं की परिणाम मोजायची घडी नीट बसलेली नाही, आणि ती टीका योग्य होती. २०२३मध्ये पाच वर्षांसाठी ७५ कोटी डॉलरचा गुंतवणूक आराखडा मंजूर झाला. उष्णतेच्या त्या लाटेनंतर गरजू घरांत १५ हजार कूलिंग युनिट, म्हणजे घर थंड ठेवणारी यंत्रं, बसवायचं लक्ष्य याच निधीतून ठेवलं गेलं. मी याला अमेरिकेतल्या शहरांमधलं सर्वांत धडधाकट उदाहरण मानते, कारण वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं म्हणून हा झरा आटत नाही. केंद्राने जानेवारी २०२१मध्ये जाहीर केलेलं ‘जस्टिस४०’ धोरण, ज्यात ठरावीक योजनांच्या लाभाचा ४० टक्के वाटा मागे पडलेल्या वस्त्यांना द्यायचा होता, ते जानेवारी २०२५मध्ये रद्द झालं. ज्या शहरांनी सगळी भिस्त त्यावर ठेवली होती त्यांचे कार्यक्रम अर्ध्यावर थांबले.

कायद्याची बाजू तुमच्या शहराच्या वकिलाकडून पहिल्याच महिन्यात समजून घ्या. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९९६मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९मुळे सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटं यांत वंशावरून झुकतं माप देता येत नाही. म्हणून त्या राज्याने प्रदूषण, दमा, बेरोजगारी, घरखर्चाचा बोजा असे निकष घेऊन वस्त्यांना गुण द्यायची पद्धत २०१३पासून सुरू केली. त्या गुणांत आता वंश मोजला जात नाही, तरी नकाशा मात्र ओळखीचाच निघतो. पोर्टलंडने घरांच्या बाबतीत आणखी नेमकी वाट काढली. उत्तर आणि ईशान्य भागातल्या परवडणाऱ्या घरांसाठी अर्जदाराचा किंवा त्याच्या आईवडिलांचा, आजीआजोबांचा जुना पत्ता विचारतात. तो पत्ता शहराने पाडापाडी केलेल्या भागातला असेल तर प्राधान्य, आणि कुटुंबाची मालमत्ता सक्तीने संपादन झाली असेल तर सर्वांत आधी नंबर. वंश कुठेही लिहिलेला नाही. अन्याय ज्या पत्त्यावर झाला, त्याच पत्त्यावर भरपाई जाते.

या शेवटच्या मुद्द्याचा तुमच्या आराखड्याशी थेट संबंध आहे. तापलेल्या वस्तीत झाडं, ट्राम, नदीकाठची बाग आली की भाडं वाढतं. अटलांटात जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या बागा आणि पायवाटांच्या पट्ट्याभोवती, म्हणजे बेल्टलाइनभोवती, हे सगळ्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं उन्हात काढलेली माणसं सावली आल्यावर तिथून उठतात, आणि नव्या लोकांचं उत्सर्जन कमी दिसलं म्हणून आपण यश मोजतो. त्यामुळे बागेचा आणि घरांचा निर्णय एकाच दिवशी, एकाच ठरावात व्हायला हवा. घरांचं खातं वेगळं आहे, ते नंतर बघतील, असं कोणी म्हणालं तर ठराव पुढे ढकलायला सांगा. तुम्ही नवीन आहात, हे बोलायला अवघड जाईल. तरी बोला. हे मी माझ्या दुसऱ्या शहरात बोलले नाही, आणि ज्या दोन रस्त्यांवर आम्ही सर्वांत सुंदर काम केलं, तिथे पाच वर्षांनी गेले तेव्हा बैठकांना येणाऱ्यांपैकी एकही कुटुंब राहिलेलं नव्हतं.

त्या शेंगा सोलणाऱ्या बाईंकडे मी परत गेले होते, सहा वर्षांनी. तोवर नियम बदलायला आम्हाला यश आलं होतं: नव्या झाडाला पाच वर्षं पाणी शहर घालणार, आणि शहराने लावलेल्या झाडाने फुटपाथ उचलला तर दुरुस्ती शहराची. मी ठरावाची प्रत सोबत नेली होती. त्यांनी ती पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचली, सहीचं पानसुद्धा. मग विचारलं, “झाड कुठलं ते मी सांगायचं?” मी हो म्हटलं. त्यांनी स्वतःच्या दारापुढची जागा नाकारली आणि रस्त्यापलीकडचा बसस्टॉप दाखवला. तिथे पत्र्याचा आडोसासुद्धा नव्हता. दुपारी शाळेतून येणारी मुलं आणि रुग्णालयात सफाईच्या पाळीला जाणाऱ्या बायका उन्हात उभ्या असत. आमच्या सावलीच्या नकाशात तो बसस्टॉप कधीच आला नव्हता, कारण यादी घरांची होती. त्यांनी ओक सांगितला. आम्ही दोन लावले.

तुमची पहिली जाहीर बैठक पुढच्या महिन्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी तुमच्याकडची यादी कशाची आहे, तेवढं एकदा तपासून बघा.